कणगीतली उलटी टोपली

नाशिक, १७ नोव्हेंबर

रिनाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र येऊन सव्वीस दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसलो असं सांगितलं तर ते खोटं होईल. रोज बसायचं ठरवलं, एवढं खरं. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन घ्यायला गेलो तर दुकानाबाहेर एक म्हातारा ट्रकच्या मागे अक्षरं रंगवत होता. त्याचा हात इतका सावकाश चालतो की एका ओळीत दोन चहा होतात. ते बघत संध्याकाळ झाली आणि पेन राहिलं ते राहिलंच.

खरं कारण वेगळं आहे. तुम्ही लिहिलंत की ज्या ट्रस्टने तीन वर्षं वसतिगृहाला धान्य दिलं, त्यांनी यंदा नाही म्हटलं. चौतीस मुलं आहेत. त्यांचे आईबाप ऊस तोडायला खाली उतरलेत, कोणी गुजरातेत, कोणी तापीकाठी, आणि ते थेट काठी गावच्या होळीलाच वर येणार. ज्वारी संक्रांतीच्या पुढे जात नाही. वसतिगृह बंद झालं तर मुलंही उसात जातील आणि त्यांची शाळा सुटेल ती कायमची. हे वाचलं आणि मला काही सुचेना. ज्याला सुचत नाही तो पेन शोधत हिंडतो.

फोन केला असता, पण तुम्हीच म्हणाला होतात, "ललित, तू कागदावर लिहीत जा, फोनवर तू कुठल्या कुठे जातोस." मी कागदावरही जातो, पण तुम्हाला मागे येऊन नीट वाचता तरी येतं.

आता सल्ला. बारावी नापास, तुमच्याकडे दोन महिने पाणी भरून राहिलेला माणूस सल्ला देतोय म्हणून हसू नका. मी ज्या ऑफिसात चहा आणि झेरॉक्स करतो, तिथे दिवसभर संस्थांचे देणगीचे अर्ज लिहितात, आणि माझे कान काही बंद नसतात. इथली माणसं म्हणतात, नुसतं "मदत करा" असं मागू नये. ऐकणाऱ्याला कळत नाही की नक्की काय करायचं, मग तो शुभेच्छा देतो. "चौतीस मुलांना होळीपर्यंत जेवण" असं म्हणा. एका मुलाबद्दल सांगा, चौतीस जणांबद्दल नको. ज्यांनी आधी दिलं त्यांना त्या देण्याचं पुढे काय झालं ते कळवा, मग दुसऱ्यांदा मागा. सगळ्यात आधी आपल्या माणसांकडे जा, परके नंतर. आणि एक गोष्ट मला फार आवडली. समोरासमोर मागितलं की गप्प बसायचं. मागणारा घाबरून बोलत सुटतो आणि समोरच्याला सुटायला वाट मिळते. मला ते या जन्मात जमणार नाही, तुम्हाला जमेल.

बातमी अशी की साहेबांच्या मागे लागून मी एका कंपनीचं देणगीचं काम बघणारे एक सर आणि एक मॅडम तुमच्याकडे यायला तयार केलेत. पाच डिसेंबरला येतील. ताई, एकच विनंती. छताचं भोक बुजवू नका. कणगीचं झाकण उघडं राहू द्या. जे आहे ते दिसू द्या.

ललित

*

काठीच्या वरचा पाडा, ८ डिसेंबर

ललित,

पाहुणे येऊन गेले. असा दिवस पाड्यावर खूप दिवसांत झाला नव्हता.

तुझं पत्र मी पाड्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या जालमसिंगबाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कोण येणार?" मी म्हटलं, "नाशिकचे पाहुणे." बाबांनी पुढचं ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत पाड्यात जी म्हातारीकोतारी उरलीत, ती सगळी कामाला लागली. दोन घरांनी कोंबड्या दिल्या. एकीने होळीसाठी ठेवलेलं तूप आणलं. पोरांनी छतावर चढून भोक बुजवलं, मी खाली उभी राहून "नको" म्हणत होते आणि ते हसत होते. बायकांनी पेटीतली चांदी काढून अंगावर घातली, काहींची तर सासवांची, मागून आणलेली.

एक गोष्ट तुला सांगावी की नाही कळत नाही, पण सांगते. आपली स्वयंपाकीण रूपलीबाई. तिने रात्री कणगीत एक मोठी टोपली उलटी ठेवली आणि तिच्यावर ज्वारी पसरली. वरून बघितलं तर कणगी काठोकाठ. मी म्हटलं, "रूपलीबाई, ते ज्वारी बघायलाच येताहेत. तळ दिसू दे."

ती म्हणाली, "तू शाळा शिकली, तुला चालेल. मला चालणार नाही. जेवताना पाहुण्याला कळलं की हे यांचं शेवटचं आहे, तर त्याच्या घशाखाली घास उतरेल का?"

तुझ्या ऑफिसात याचं काही उत्तर शिकवतात का?

सर पोटभर जेवले. मॅडम पोरींबरोबर नाचल्या. दोघांनी कणगीत डोकावून बघितलं, फोटो काढले, वहीत पुष्कळ लिहून घेतलं. जाताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "तुमच्याकडून आम्हीच शिकायला हवं." मला वाटतं काम होईल. निकाल कधी कळेल ते लिही. मुलं रोज विचारतात, ते पाहुणे परत कधी येणार.

रिना

*

नाशिक, २२ डिसेंबर

रिनाताई,

निकाल कळला. साहेबांकडे आलेल्या त्यांच्या अहवालाची झेरॉक्स मीच काढली. मशीनमधून कागद गरम गरम बाहेर आला आणि मी उभ्याने वाचला. "समाज एकजुटीचा व स्वयंपूर्ण. इमारत सुस्थितीत. धान्यसाठा पुरेसा. निकड अन्यत्र अधिक." खाली शेरा, पुढील वर्षी विचार व्हावा.

ताई, मी काय सांगितलं होतं? एकच गोष्ट सांगितली होती. कोंबड्या कशाला कापल्या? चांदी कशाला घातली? तुम्ही बारा वर्षं आश्रमशाळेत काढली, तुम्हाला तरी कळायला हवं होतं की ही माणसं जेवायला आली नव्हती.

वरचं लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. खोडणार होतो, पण खोडलेलं तुम्ही उजेडात धरून वाचलंच असतं. म्हणून राहू देतो.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि टोपलीचं सांगितलं. म्हटलं, वरचा थर फक्त चार बोटं होता, खाली पोकळ. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे त्यांनी पाहणीच्या वेळी फसवलं?"

त्या क्षणी मला कळलं की मी तुमची बाजू मांडायला गेलो आणि तुम्हाला चोर ठरवून आलो. मग मी थोडं मोठ्याने बोललो. ते सोडा.

आता हातपाय गाळून बसायचं नाही. ऑफिसातला एक जुना माणूस सांगतो, दहा ठिकाणी मागावं तेव्हा एक होकार येतो, म्हणून पहिल्या नऊ नकारांना मोजणीत धरायचं, मनात धरायचं नाही. तुमच्या आश्रमशाळेचे निवृत्त गुरुजी, बदली होऊन गेलेले तलाठी, नर्सबाई, ज्यांनी कधी वसतिगृहाच्या ओट्यावर पाणी प्यायलं त्या सगळ्यांना पत्र लिहा. हाताने लिहा. एका मुलीचं सांगा, एक मागणी करा. मी इथून जमेल तेवढे पत्ते शोधतो. काल पत्ते शोधायला निघालो होतो तर बाजारात एक कुत्रा बसमध्ये चढून तीन स्टॉप पुढे जाऊन उतरला. कंडक्टर म्हणाला, रोजचा आहे. मी त्याच्या मागे गेलो. पत्ते उद्या शोधतो.

चुकलो असेन तर माफी.

ललित

*

काठीच्या वरचा पाडा, १४ जानेवारी

ललित,

तुझं पत्र मी रूपलीबाईला वाचून दाखवलं नाही. तिने विचारलं तर "विचार चालू आहे" असं सांगते. तिने ती टोपली अजून कणगीतून काढलेली नाही. आता तिच्यावर ज्वारीही नाही, नुसती टोपली आहे.

तू विचारलंस, कोंबड्या कशाला. मी आठ दिवस त्यावर विचार केला. आमच्याकडे माणूस भुकेने मेला तरी दारात आलेल्याला रिकामं भांडं दाखवत नाही. मी शहाणी आहे, अर्ज लिहिते, पण त्या दिवशी झाकण उघडायला माझाही हात गेला नाही. दोष रूपलीबाईचा नाही. माझा आहे, आणि तो मला दोष वाटतही नाही. हे कोणत्या अर्जात कसं लिहायचं ते सांग.

एकोणतीस पत्रं लिहिली. तुझे पत्ते आले नाहीत, माझेच होते ते वापरले. पाच उत्तरं आली. गुरुजींनी एक पोतं तांदूळ पाठवला, त्यावर हे दहा दिवस निघाले, उरलेल्याची पेज करून अजून पंधरवडा ओढेन. एकाने जुन्या साड्या पाठवल्या. एकाने आशीर्वाद. एकाने कर सवलतीचा दाखला मागितला, तो आमच्या संस्थेकडे नाही. एकाने लिहिलं की निवडणूक झाली की बघू, आता कसली निवडणूक आहे मला माहीत नाही.

सहा मुलं गेली. त्यांच्या आईबापांनी मुकादमाकडून निरोप धाडला, तिकडे पाठवा म्हणून. सर्वांत धाकटी जीपमध्ये बसताना तिची पाटी मला देऊन गेली. म्हणाली, होळीला परत घेईन. मी घेतली.

उरली अठ्ठावीस. मुकादमाचा ट्रक अठ्ठावीस तारखेला, बुधवारी सकाळी, वर येणार आहे. तोवर काही झालं नाही तर सगळ्यांना त्यात बसवून आईबापांकडे, ऊसतोडीच्या पडावांवर पोचवायचं, असं मी ठरवलंय. उपाशी ठेवून शाळा चालवता येत नाही.

आता एक विचारते, राग मानू नकोस. तू पहिल्या पत्रात लिहिलंस, आधी आपल्या माणसांकडे जा. तू मला नाशिकची दारं दाखवलीस, गुरुजी, तलाठी, नर्सबाई, सगळ्यांची दारं दाखवलीस. रनाळ्याला तुझ्या घरी ऊस आहे, केळी आहे, कापूस आहे. ते दार तू एकदाही लिहिलं नाहीस. तीन वर्षांपूर्वी काय भांडण झालं ते मी कधी विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही. पण आपल्या पाड्यातल्या दलसिंगची टोळी यंदा रनाळ्याच्या शिवारात ऊस तोडतेय, एवढं तुला सांगते. त्याची मुलगी सातवीत आहे, वसतिगृहात सगळ्यांत पुढे. तिच्या बापाचा कोयता तुझ्याच गावच्या उसात चालतोय.

तुझं मागचं पत्र ऑफिसच्या पाकिटात नव्हतं. नोकरी आहे ना?

रिना

*

नंदुरबार, बस स्टँड, २३ जानेवारी

रिनाताई,

नोकरी नाही. केबिनमध्ये मोठ्याने बोललो त्याच दिवशी गेली. तुम्हाला लिहिलं नाही कारण सल्ला देणाऱ्याकडे नोकरी असली की बरं वाटतं.

मी घरी जाऊन आलो. सगळं जसं झालं तसं लिहितो, अधेमधे भरकटलो तर सोडून द्या.

मंगळवारी सकाळी नंदुरबारला उतरलो. तिथून रनाळं काही लांब नाही. पण गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत ना, लांबच लांब लाल वाळवण, तिथे बायका मिरच्या उलटवत होत्या. एक म्हणाली, "बठ ना भाऊ, नुसता काय दखस." मी बसलो, आणि दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर मिरच्या उलटवल्या. शिंका, डोळ्यांतून धारा. मला बरंच वाटलं, निदान रडायला कारण होतं. मग उशीर झाला म्हणून कोरीटला कामिनीताईकडे, माझ्या बहिणीकडे, मुक्काम केला. तिने विचारलं, "घर जाशी ना?" मी म्हटलं, उद्या. तिथे दोन उद्या झाले.

काल गेलो. नाना शेतात होते. माझे वडील, पितांबर नाना, तुम्ही बघितलेले नाहीत. उसाची तोड चालू होती. बांधावर उभे राहून ते मोळ्या बघत होते. मला बघितलं आणि परत मोळ्यांकडे बघायला लागले.

"तीन वरीस तोंड दखाडं नही," ते म्हणाले. "आते कसाले उना?"

मागायलाच आलोय हे मी सरळ सांगितलं, "नाना, मांगाले उनू."

"मालूम व्हतं."

ताई, इथे मला गप्प बसायचं होतं. मीच तुम्हाला लिहिलं होतं. पण नाना गप्प राहिले आणि ती शांतता मला सोसेना. मी बोलत सुटलो. वसतिगृह, ट्रस्ट, नाशिक, टोपली. नानांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तसा मी आणखी बोललो. मग आठवलं, एका मुलाचं सांगावं. म्हणून तुम्ही लिहिलेल्या त्या सातवीतल्या मुलीचं सांगायला लागलो. आणि मी ते वाढवलं. म्हटलं, बिचारी एकटीच आहे, आईबाप टाकून निघून गेलेत, तिला विचारणारं कोणी नाही.

ऊस तोडणारा एक माणूस थांबला. कोयता खाली ठेवला आणि उभा राहिला. उंच, वाळका, कानात बाळी.

"टाकली नाही," तो म्हणाला. "ठेवली आहे."

तो दलसिंग होता.

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. त्याने आवाज चढवला नाही. तेवढंच बोलला आणि मग विचारलं, "वसतिगृह बंद होणार? मला कोणी सांगितलं नाही." मी मान हलवली. त्याने कोयता उचलला, पण लगेच तोडायला वाकला नाही. उसाकडे बघत राहिला.

नाना म्हणाले, "ज्यान्या पोरी त्यान्या संगे ऱ्हातीन. तू तुन्हं दख." आणि पंपाच्या दिशेने चालायला लागले. मी मागे गेलो नाही.

माय बांधावर उभी होती. जेवणाची पाटी डोक्यावर तशीच. कधी आली होती, किती ऐकलं, माहीत नाही. मला जवळ बोलावून एवढंच विचारलं, "तू कोठे ऱ्हास आते?" मी तिला काय सांगितलं ते तुम्हाला लिहायला लाज वाटते. ते समोर आल्यावर सांगेन. तिने पाटी उतरवली नाही, मला जेव म्हटलं नाही. माझी माय दारातल्या भिकाऱ्यालाही जेव म्हणते, ताई.

झालं. तुम्ही दाखवलेलं ते दारही बघितलं. मला वाटतं दार बंद नव्हतं, मीच पायरीवर उभा राहून इतकं बोललो की आतल्या माणसाला उघडायला सवड मिळाली नाही. हा माझा शेवटचा सल्ला समजा, माझ्याच चुकीतून आलेला. मागताना कोणाचं दुःख वाढवून सांगू नका. ज्याचं असतं तो कुठेतरी जवळच उभा असतो.

दलसिंगच्या मुलीला मी काय म्हटलं ते सांगू नका. तिचा बाप काय म्हणाला ते मात्र सांगा.

हे पत्र अक्कलकुव्याच्या जीपवाल्याकडे देतोय, तो तुमच्या पाड्यावर जीप नेणाऱ्या धर्मेंद्रकडे पोचवेल. अठ्ठावीसला मी वर येतो. दुसरं काही जमलं नाही, निदान मुलांची गाठोडी ट्रकमध्ये चढवू लागेन. या वेळी नक्की. वाटेत काहीही दिसलं तरी थांबणार नाही.

ललित

*

काठीच्या वरचा पाडा, २८ जानेवारी, सकाळ

ललित,

हे पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवू? तू येतो म्हणालास, सकाळ झाली, तू नाहीस. धर्मेंद्रकडे देते. त्याची जीप खाली जाताना तू रस्त्यात कुठेतरी काहीतरी बघत उभा असशील, तेव्हा तो हातात देईल.

मुलं आंघोळी करून बसलीत. गाठोडी भिंतीला ओळीने लावलीत. अठ्ठावीस गाठोडी, प्रत्येकाला चिंधी बांधलीय, कोणती कोणाची कळावी म्हणून. शेवटच्या तांदळाची पेज केली. मुलांना पुरली, आम्हाला उरली नाही. रूपलीबाई चुलीपुढे बसून आहे आणि चूल सारवतेय. आज काही शिजणार नाही, तरी सारवतेय.

दलसिंगच्या मुलीला तिच्या बापाचं वाक्य सांगितलं. तिने ऐकलं आणि गाठोड्यातून पुस्तकं काढून परत फळीवर नेऊन ठेवली. म्हणाली, "ठेवली आहे म्हणाले ना? मग मी कशाला जाऊ?" मी पुस्तकं पुन्हा गाठोड्यात भरली. तिने पुन्हा काढली. दोनदा झालं. आता ती फळीवरच आहेत.

तुझे सगळे सल्ले मी वहीत उतरवून ठेवलेत. त्यांतले बरेच चांगले आहेत. पुढे कोणाला उपयोगी पडले तर देईन. मी थकले, ललित. माझ्या आईने मला अशाच एका ट्रकमधून खाली ओढून आश्रमशाळेत बसवलं होतं, आणि आज मी

वळणावर गाडीचा आवाज आला. थांब, बघून येते.

ट्रक नाही. धर्मेंद्रची जीप आहे. तीतून एक बाई उतरली. तुझ्या आईच्या वयाची, खालच्या गावची, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. धर्मेंद्र म्हणतो, काल रनाळ्याहून एकटीच निघाली, तीन गाड्या बदलल्या, रात्र अक्कलकुव्यात कोणाच्या तरी ओट्यावर काढली. घरी सांगितलंय, लेकीकडे कोरीटला जाते. वाट दलसिंगने सांगितली.

ती मला म्हणाली, "मी पार्वतीबाई. ललितन्ही माय. मन्हा पोऱ्या आठे मॅनेजर शे ना?"

तर हे सांगितलंस तू तिला.

मी म्हटलं, तो वाटेत आहे. तिने मान हलवली, जणू तिला हे नेहमीचं आहे. मग तिची नजर भिंतीकडे गेली. "ह्या पोरे कोठे जाई ऱ्हायनात?"

रूपलीबाई आतून धावत आली, पदर नीट करत. मी बघितलं, ती कणगीकडे वळली, झाकण टाकायला. पाहुणी दारात आली होती ना. मी तिचा हात धरला. पार्वतीबाईंना कणगीपाशी नेलं, टोपली उचलून बाहेर ठेवली आणि तळ दाखवला. असं आमच्यात कोणी केलेलं नाही. मी म्हटलं, "मावशी, अठ्ठावीस मुलं आहेत. होळीपर्यंत जेवण हवंय."

आणि मग मी गप्प बसले. तू लिहिलं होतंस तशी. रूपलीबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

पार्वतीबाईंनी कणगीत वाकून नीट बघितलं. मग बाहेर जाऊन भाकरीचं फडकं सोडलं, तुझ्यासाठी आणलेल्या भाकरी धाकट्या मुलांना मोडून दिल्या, आणि गाठोड्यांच्या ओळीपुढे, अगदी दारात, मांडी घालून बसल्या.

"मी आठेच बठस," म्हणाल्या. "येऊ दे टरक. आन त्याना नानाले निरोप धाडा, मी कोठे शे ते."

धर्मेंद्र जीप फिरवतोय, निरोप आणि हे पत्र घेऊन. ट्रकचा आवाज आता खालून यायला लागलाय.

रिना